रात्रपाळीला कोण जाणार? : पुणे सेवासदन आणि परिचारिकांचे शिक्षण

माझ्या थोरल्या आत्याविषयी आमच्या घरात एक खोटे बरीच वर्षे बोलले गेले. १९६०च्या सुमारास, नवरा वारल्यानंतर दोन वर्षांनी, ती शिरपूरहून धुळ्याला गेली. तिथे परिचारिकेचे शिक्षण घेतले, नोकरीला लागली आणि निवृत्त होईपर्यंत तेच काम केले. पण लग्नकार्यात किंवा बाजारात कुणी तिची चौकशी केली, की आजी सांगायची, ‘पोर धुयाले मास्तरीन शे.’ आजोबा हे ऐकून गप्प बसत. आत्या दिवाळीला घरी यायची तेव्हा पाहुण्यांसमोर तीही शाळेच्या सुट्ट्यांविषयी बोलायची. ती गेल्यानंतर तिच्या पत्र्याच्या पेटीत नोंदणीचे प्रमाणपत्र आणि घडी घालून ठेवलेला पांढरा पट्टा सापडला.

आमचे घर मुलींच्या शिक्षणाच्या विरोधात नव्हते. तसे असते तर मास्तरीण असल्याचे तरी अभिमानाने कशाला सांगितले असते? विधवा मुलीने स्वतःच्या पायावर उभे राहावे, हेही घराला मान्य होते. अडत होते ते एकाच शब्दाशी. मास्तरीण चालत होती, नर्स चालत नव्हती. हा फरक कुठून आला, हे शोधता शोधता मी पुण्याच्या सेवासदनापाशी जाऊन पोहोचलो. तिथे एक गोष्ट लक्षात आली. परिचारिकांची शाळा काढायची तर समाजाकडे तीन गोष्टी मागाव्या लागतात : पैसा, जागा आणि मुलगी. पैसा लवकर मिळतो, जागाही मिळते. मुलगी सर्वांत शेवटी मिळते, आणि तिच्यासाठी जे उभारावे लागते तीच खरी शाळा असते.

पैसा लवकर मिळतो हे मुंबईने फार आधी दाखवून दिले. १८८२-८३मध्ये सोराबजी शापूरजी बंगाली आणि जॉर्ज किट्रेज नावाचे अमेरिकन व्यापारी यांनी स्त्रियांना स्त्री-डॉक्टर मिळावी म्हणून निधी जमवायला सुरुवात केली. पेस्तनजी होरमसजी कामा यांनी रुग्णालयासाठी मोठी देणगी दिली. इंग्लंडहून डॉ. एडिथ पीची यांना बोलावले गेले आणि १८८६मध्ये कामा रुग्णालय सुरू झाले. त्याच सुमारास लेडी डफरिन यांच्या नावाचा निधी देशभर पसरत होता. कामा रुग्णालयात परिचारिकांना शिकवण्याची सोय झाली. शिकायला आलेली पहिली हिंदी बाई म्हणून काशीबाई गणपत यांचे नाव घेतले जाते आणि वर्ष सांगितले जाते १८९१. म्हणजे रुग्णालय उभे राहून पाच वर्षे झाली होती. इमारत, डॉक्टर आणि निधी हे सारे असताना त्यासाठी पाच वर्षे जावी लागली.

मिरजेला वेगळी वाट निघाली. कॅनडाहून आलेले मिशनरी डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी मिरजेच्या संस्थानिकांकडून मिळालेल्या जागेवर १८९४मध्ये रुग्णालय काढले आणि १८९७मध्ये परिचारिकांचे शिक्षण सुरू केले. आपल्याकडे पुढे कितीतरी वर्षे ‘नर्स’ म्हटले की ख्रिस्ती मुलगी डोळ्यांसमोर येत असे, त्याचे मूळ अशा संस्थांत आहे. याचे कारण धर्मात शोधण्याची आपल्याला सवय आहे. ख्रिस्ती धर्मात सेवेला मोल आहे आणि आमच्यात विटाळ आहे, असे सांगितले जाते. त्यात तथ्य नाही असे नाही. पण मला दुसरे एक साधे कारण अधिक मोठे वाटते. मिशनजवळ अनाथाश्रम होते, मुलींच्या बोर्डिंग शाळा होत्या. घराबाहेर राहणाऱ्या, वडीलधाऱ्या बाईच्या देखरेखीखाली वाढलेल्या मुली तिथे आधीपासून होत्या. त्यांना बोर्डिंगमधून वॉर्डात जायचे होते. हिंदू किंवा मुसलमान घरातल्या मुलीला मात्र उंबरठा ओलांडून थेट वॉर्डात जायचे होते. मधली पायरीच नव्हती.

मग प्लेग आला. १८९६च्या सप्टेंबरात मुंबईत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो ओळखला आणि १८९७च्या सुरुवातीला तो पुण्यात पोहोचला. त्या वर्षीचे पुणे एखाद्या लढाईत सापडलेल्या गावासारखे होते. गोरे शिपाई घरात शिरून झडत्या घेत होते, माणसे उचलून नेत होते, लोक गाव सोडून माळावर झोपड्यांत राहत होते. २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली, हे सगळ्यांना माहीत असते. त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या. लष्करी सेवेत असलेल्या डॉ. यशवंत यांनी पुण्याबाहेर माळावर दवाखाना उघडला होता. सावित्रीबाई तिथे रुग्ण आणून त्यांची शुश्रूषा करत होत्या. मुंढव्याच्या दलित वस्तीतले एक आजारी पोर त्यांनी स्वतः उचलून आणले आणि त्यातच त्यांना लागण झाली. त्यांनी परिचर्येचे शिक्षण कुठे घेतले नव्हते. आपल्याकडे या कामाला जी पहिली मोठी स्त्री मिळाली, ती शाळेची मास्तरीण होती, ही गोष्ट आत्याच्या संदर्भात मला नेहमी आठवते.

प्लेगमध्ये समाज हातावर हात धरून बसला नव्हता. मुंबईत जातीजातींनी, पंथापंथांनी वर्गणी काढून आपापली प्लेग-रुग्णालये उघडली. पुण्यात टिळकांनी हिंदू प्लेग हॉस्पिटलसाठी पुढाकार घेतला. सरकारी रुग्णालयात आपल्या माणसाला परका हात लागतो, जात जाते, बाईमाणसाची अब्रू राहत नाही, ही लोकांची धास्ती होती. पंडिता रमाबाईंनी तर पुण्याच्या प्लेग-व्यवस्थेत स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीवर उघडपणे लिहिले आणि सरकारचा रोष ओढवून घेतला. आपल्या माणसासाठी आपले रुग्णालय हवे, हे लोकांना पटले होते. आपल्या रुग्णालयात आपली परिचारिका लागेल आणि ती आपल्याच घरातून जावी लागेल, इथपर्यंत मात्र विचार पोहोचला नव्हता.

तो विचार पुढे नेणाऱ्या बाई म्हणजे रमाबाई रानडे. त्यांचा जन्म १८६२चा, देवराष्ट्रे गावचा. अकराव्या वर्षी लग्न झाले, नवऱ्याने शिकवले, आणि इंग्रजी शिकते म्हणून घरातल्या बायकांची बोलणी खात त्या शिकल्या. १६ जानेवारी १९०१ला न्यायमूर्ती गेले. काही काळ त्या जवळजवळ घराबाहेर पडल्या नाहीत. नंतर येरवड्याच्या तुरुंगात स्त्री-कैद्यांना भेटायला जाऊ लागल्या. १९०८मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन काढले, त्याला रमाबाईंचे मार्गदर्शन होते. १९०९मध्ये पुण्यात, रानड्यांच्या वाड्यातच, सेवासदन सुरू झाले. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर यांनी चिटणिसाचे काम अंगावर घेतले. पुढे १९१५मध्ये पुण्याची संस्था स्वतंत्रपणे नोंदली गेली.

सेवासदनात वर्ग बरेच होते. लेखन-वाचन, शिवण, संगीत, प्रथमोपचार आणि पुढे शिक्षिका घडवणारे विद्यालय. यातल्या कुठल्याही वर्गाला लोकांची फारशी हरकत नसावी. ही सगळी घरात शोभणारी कामे होती. शिक्षिकेची नोकरी उजेडात सुरू होते आणि उजेडात संपते. तिच्यासमोर मुली बसतात. नर्सचे तसे नाही. तिला परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावावा लागतो. रक्त, पू, मलमूत्र यांत हात घालावा लागतो. जातीची उतरंड याच गोष्टींवर उभी होती. बाळंतपणाचे काम गावात सुईण करायची आणि ती कुठल्या जातीची, हे गाव कधी विसरत नसे. आणि सर्वांत अवघड म्हणजे रात्रपाळी. तरुण विधवा रात्री घराबाहेर असते, हे वाक्य उच्चारायचीही सोय नव्हती. आत्याच्या बाबतीत आजीने जो शब्द बदलला, त्यातून तिने रात्र वगळली होती, असे मला आता वाटते.

पुण्यात सासून रुग्णालय होते. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभे राहिलेले हे रुग्णालय १८६७पासून चालू होते. वॉर्ड होते, डॉक्टर होते, शिकवणारे होते. तेव्हा रमाबाई आणि देवधर यांना नवे रुग्णालय बांधायचे नव्हते, नवी शाळाही बांधायची नव्हती. १९११च्या सुमारास सेवासदनाने आपल्या बाया सासूनमध्ये परिचारिकेच्या शिक्षणासाठी पाठवायला सुरुवात केली. त्या शिकणाऱ्यांसाठी सेवासदनाने वसतिगृह चालवले. मला या सगळ्या इतिहासात हे वसतिगृह सर्वांत महत्त्वाचे वाटते. संस्थांच्या इतिहासात वसतिगृहाला एखादे वाक्य मिळते, देणगीदारांना दोन पाने मिळतात. पण मिशनजवळ जी मधली पायरी होती आणि बाकीच्या समाजाजवळ नव्हती, ती या वसतिगृहाने पुरवली.

मुलीच्या बापाच्या किंवा सासऱ्याच्या जागी बसून पाहिले, की हे समजते. तो काय विचारणार? जेवण कोण करणार? सोवळ्याचे काय? सणावाराला घरी पाठवाल ना? रात्री कामावर जाताना बरोबर कोण? आजारी पडली तर बघणार कोण? आणि न विचारलेला पण सर्वांत मोठा प्रश्न : उद्या लोक काही बोलले तर मी कुणाचे नाव सांगू? या शेवटच्या प्रश्नाला पुण्यात उत्तर होते, रानड्यांच्या वहिनींचे. न्यायमूर्तींची विधवा, जुन्या रीतीने राहणारी, देवाधर्माचे करणारी बाई या मुलींना आपल्या छपराखाली ठेवते आहे, हे त्या शहरात कुठल्याही सरकारी प्रमाणपत्राहून मोठे होते. त्यांनी आपल्या नवऱ्याचे आणि स्वतःचे नाव या मुलींपायी पणाला लावले.

ते पणाला लागलेच होते, हे दाखवणारा एक प्रसंग त्यांच्या चरित्रात सांगितला जातो. सेवासदनाच्या वार्षिक समारंभात केशवपन केलेली एक विधवा विद्यार्थिनी बक्षीस घ्यायला उठली आणि प्रेक्षकांतल्या काही तरुण विद्यार्थ्यांनी हुर्यो केली. समारोपाला उभ्या राहिलेल्या रमाबाईंनी त्या शिकल्या-सवरल्या मुलांना सर्वांसमोर खडसावले. तुमच्यापैकी कुणाची बहीण, कुणाची आत्या, कुणाची आई अशीच घरात बसलेली नाही का, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. हसणारे अडाणी नव्हते, हे मला यात बोचते. कॉलेजात जाणारी मुलेच हसत होती. आणि आमच्या घरात तर अर्धशतकानंतर, हसू होईल या भीतीनेच, नर्सची मास्तरीण झाली होती.

या वसतिगृहाचा गौरव करताना त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. घरच्यांची समजूत घालायची म्हणजे घरच्यांचे नियम बऱ्याच अंशी मान्य करायचे. उच्चवर्णीय कुटुंबाला मुलगी पाठवावीशी वाटेल असे घर उभारायचे, तर त्या घराला उच्चवर्णीय वळण येणारच. परिचारिकेचा धंदा प्रतिष्ठित करण्याच्या या प्रयत्नात प्रतिष्ठा कुणाच्या मापाने मोजली गेली, हा प्रश्न राहतोच. वॉर्ड झाडणारी आया, बेडपॅन उचलणारी बाई, गावातली सुईण यांच्या वाट्याला त्यातले फारसे काही आले नाही. नर्स वर चढली ती अनेकदा आयेला खाली ठेवून. रमाबाईंना त्यांच्या काळात जेवढे शक्य होते तेवढे त्यांनी केले. आपण मात्र तेवढ्यावर समाधान मानण्याचे कारण नाही.

शिवाय संख्या थोडी होती. दुसरे महायुद्ध संपताना देशाची स्थिती काय होती, हे १९४६च्या भोर समितीच्या अहवालात दिसते. समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर मूळचे नाशिकचे आणि डेक्कन कॉलेजचे विद्यार्थी. इंग्लंडमध्ये ३०० माणसांमागे एक परिचारिका होती, हिंदुस्थानात ४३,००० माणसांमागे एक. परिचारिकांच्या कामाची आणि राहण्याची अवस्था किती वाईट आहे, याचीही समितीने दखल घेतली. म्हणजे पस्तीस वर्षांनी प्रश्न पुन्हा तिथेच आला होता : मुलगी राहणार कुठे?

त्याच सुमारास लोकांच्या पैशातून आणखी एक प्रयत्न झाला. २२ फेब्रुवारी १९४४ला आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा गेल्या. त्यांच्या स्मारकासाठी ७५ लाखांचा निधी ठरला आणि लोकांनी त्याहून जास्त दिला. गांधीजींच्या आग्रहाने हा पैसा खेड्यांतील स्त्रिया आणि मुले यांच्यासाठी राखला गेला. त्यातून ग्रामसेविका आणि दाया यांचे शिक्षण सुरू झाले. महाराष्ट्रात प्रेमाबाई कंटक यांनी सासवडला हे काम उभारले. इथेही पैसा आधी आला. खेड्यात एकटीने राहायला तयार असलेली बाई शोधण्यात आणि तिला तिथे टिकवण्यात पुढची वर्षे गेली.

जामखेडच्या डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांना हाच अनुभव आला. १९७०पासून त्यांनी तिथे काम सुरू केले तेव्हा शिकलेल्या तरुण परिचारिका गावांत ठेवून पाहिल्या. त्या टिकल्या नाहीत. परक्या गावात एकट्या मुलीला राहणे कठीण आणि गावालाही ती परकी. तेव्हा गावातलीच बाई गावाने निवडायची आणि तिला शिकवायचे, अशी वाट निघाली. निवडलेल्या बायांपैकी कित्येक निरक्षर होत्या, कित्येक दलित. आठवड्यातून एकदा जामखेडला येऊन त्या शिकत, रात्री एकत्र मुक्काम करत, जेवत, आणि परत आपल्या घरी जात. सेवासदनाने मुलीसाठी घर उभारले होते, जामखेडने बाईच्या घरातच शिक्षण नेले. आणि ज्या सुईणीला सेवासदनात जागा मिळाली नसती, तिची सून इथे गावाची आरोग्यसेविका झाली.

हे केवळ आपल्याकडचेच नाही. आफ्रिकेच्या शिंगासारख्या टोकावर सोमालीलँड आहे. १९८८मध्ये तिथल्या हर्गेसा शहरावर त्यांच्याच सरकारच्या विमानांनी बाँब टाकले आणि शहराचा बहुतेक भाग जमीनदोस्त झाला. डॉक्टर आणि परिचारिका मेल्या किंवा परागंदा झाल्या. १९९१मध्ये सोमालीलँडने स्वातंत्र्य जाहीर केले, पण जगाने त्याला मान्यता दिली नाही, त्यामुळे मदतीचे नेहमीचे दरवाजे बंद होते. एडना आदान इस्माईल या तिथल्या पहिल्या प्रशिक्षित परिचारिका-सुईण. जागतिक आरोग्य संघटनेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी आपली पुंजी आणि निवृत्तिवेतन घातले, देशातल्या आणि परदेशातल्या लोकांकडे हात पसरले. पूर्वी जिथे माणसांना मृत्युदंड दिला जाई आणि नंतर जिथे शहराचा कचरा पडे, ती जागा त्यांना मिळाली. रुग्णालय २००२च्या मार्चमध्ये उघडले. पण परिचारिकांची पहिली तुकडी त्यांनी इमारत पुरी होण्याआधीच शिकवायला घेतली होती. कारण विटा विकत मिळतात, परिचारिका विकत मिळत नाही. एडनाबाई स्वतः रुग्णालयातच राहायला गेल्या. वाचताना मला वाड्यातल्या रमाबाई आठवल्या. दोघींच्या देशांत, धर्मांत, काळात काही साम्य नाही. पण मुली जिथे राहतील तिथे आपण राहायचे, हे दोघींनाही कळले होते.

आता शिरपुरात चित्र बदलले आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून पावरा मुली नर्सिंगला जातात, त्यांचे बाप मोटारसायकलवर पेटी बांधून त्यांना सोडायला येतात. महासाथीच्या दोन वर्षांत कुणाची मुलगी कुठे ड्युटीवर आहे, हे गल्लीत मोठ्याने सांगितले जात होते. मागच्या वर्षी माझ्या भाचीने नर्सिंगला प्रवेश घेतला. घरात कुणीही आवाज खाली केला नाही. माझ्या आईने पेढे वाटले.

प्रवेशाच्या आदल्या दिवशी मेव्हण्यांनी मला बाजूला घेतले. मला वाटले फीविषयी काही असेल. त्यांनी विचारले, ‘होस्टेल कसं आहे? रात्रपाळीला जाताना बरोबर कोण असतं?’ मी म्हटले, उद्या जाऊन बघू. दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गखोल्या पाहिल्या नाहीत. आधी होस्टेल पाहिले, मग होस्टेलच्या बाईंना भेटलो. बोलताना त्यांनी सहज सांगितले, की रात्रपाळीच्या मुलींना त्या स्वतः वॉर्डापर्यंत सोडायला जातात. मेव्हण्यांनी तिथेच फीचे पैसे काढले. आत्याचा पांढरा पट्टा आईने भाचीच्या पेटीत आधीच ठेवला होता.